कोल्हापूरला राहायला यायचंय? आधी पाण्याचं गणित समजून घ्या

विचारलेलं थोडक्यात असं: नवरा-बायको दोघंही पुण्यात आयटीत, वाकडला स्वतःचा टू बीएचके, मुलगी सात वर्षांची. सासू-सासरे गडहिंग्लजला एकटे. नवऱ्याला महिन्यातून थोडेच दिवस ऑफिसात जावं लागतं, बाईंचं काम पूर्णपणे घरून. "डोंगर-जंगल जवळ आहे म्हणून कोल्हापूरला कायमचं राहायला जाणं शहाणपणाचं आहे का, की ते सुट्टीपुरतंच बरं? मी मूळची नागपूरची, मला तिथलं काही माहीत नाही."

माझं उत्तर: या. तुमच्यासारख्या घरासाठी हा निर्णय बरोबर ठरण्याची शक्यता जास्त आहे. मी कोल्हापुरात मालमत्तेच्या व्हॅल्युएशनचं काम करतो. बँकेचं कर्ज, भावाभावांतल्या वाटण्या, खरेदी-विक्री या निमित्ताने शहरातली आणि आसपासच्या गावांतली घरं आतून-बाहेरून बघितली आहेत. पुण्या-मुंबईहून परतणारी कुटुंबं गेल्या काही वर्षांत सारखी येतात. त्यातली जी रमली आणि जी वर्ष-दोन वर्षांत परत गेली, त्यांच्यातला फरक पगाराचा नव्हता. ज्यांनी इथल्या पावसाचा आणि नदीचा हिशोब आधी समजून घेतला ते टिकले. म्हणून बाकीचं थोडक्यात आणि पाण्याबद्दल सविस्तर सांगतो.

आधी निसर्गाचं. "निसर्गाच्या सान्निध्यात" हे शब्द आजकाल हिंजवडीतल्या चोविसाव्या मजल्याच्या जाहिरातीतही असतात, आणि पुण्यालाही सिंहगड आहेच. पण सिंहगडाला तुम्ही रविवारी जाता आणि पायथ्याच्या गाड्यांच्या रांगेत सकाळ घालवता. कोल्हापुरात हे मधल्या वारी जमतं. सहाला लॅपटॉप बंद केला तर दिवस मावळायच्या आत जोतिबाच्या डोंगरावर पोचता येतं. पन्हाळा वीस किलोमीटर. त्याच्या पलीकडे मसाईचं पठार. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ते फुलतं तेव्हा कासच्या गर्दीची आठवणही होत नाही. राधानगरी दीड तासावर. तिथलं अभयारण्य गव्यांसाठी प्रसिद्ध आहे, आणि २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ज्या जागा जागतिक वारशात घेतल्या त्यांत कास, कोयना, चांदोलीबरोबर राधानगरीही आहे. पावसाळ्यात अभयारण्य पर्यटकांना बंद असतं, पण त्याच्या आधी, मेच्या शेवटाला, त्या भागात काजवे निघतात. मुलीला ते एकदा दाखवा. एक झाड पेटतं, विझतं, की शेजारचं पेटतं. मोबाइलमध्ये यातलं काही येत नाही, त्यामुळे मुलं फोन खाली ठेवतात.

गाडी काढायचीही गरज नाही, हे इथे नव्याने आलेल्यांना उशिरा कळतं. शिवाजी विद्यापीठाचा परिसर साडेआठशे एकरांच्या आसपास आहे. आत तळी आहेत, मोर आहेत, आणि पहाटे सगळा राजारामपुरी-सागरमाळ भाग तिथे चालायला येतो. संध्याकाळी रंकाळा. रंकाळ्याची अवस्था कायम चांगली असते असं नाही, कधी जलपर्णी माजते, कधी सांडपाणी मिसळल्याची ओरड होते. पण शहरातच एवढं मोठं तळं आणि त्याच्या काठाने चालायला मोकळी वाट, हे रोजच्या आयुष्यात फार मोठं आहे.

आता मूळ मुद्दा. या जिल्ह्याचं सगळं वैशिष्ट्य पश्चिमेकडून पूर्वेकडे उतरत जाणाऱ्या पावसात आहे. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तिथून पंचावन्न किलोमीटरवर कोल्हापूर शहरात हजाराच्या आसपास, आणि आणखी पूर्वेला शिरोळकडे त्याच्याही निम्मा. म्हणजे तुम्ही राहणार त्या ठिकाणी पाऊस सोसेल एवढाच, आणि तासा-दीड तासावर सदाहरित जंगल. राहायला यापेक्षा सोयीची मांडणी क्वचित सापडते. फक्त त्या जंगलावर पडलेलं पाणी शेवटी शहराच्या अंगावरूनच जातं.

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या प्रयाग चिखलीजवळ एकत्र होतात. पाचवी सरस्वती गुप्त मानतात, म्हणून ही पंचगंगा. भोगावतीवर राधानगरीचं धरण आहे, शाहू महाराजांनी सुरू केलेलं. क्षमता ८.३६ टीएमसी (अब्ज घनफूट), आणि त्याला सात स्वयंचलित दरवाजे. धरण भरलं की पाण्याच्या दाबाने ते आपोआप उघडतात, प्रत्येकातून १,४२८ क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट) पाणी बाहेर पडतं. जुलै-ऑगस्टमध्ये "आज कितीवा दरवाजा उघडला" हे इथल्या रिक्षावाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सगळ्यांना माहीत असतं. दुसरा आकडा राजाराम बंधाऱ्याचा, तिथे पंचगंगेची पातळी मोजतात. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोक्याची. शिवाजी पुलावर पाणी बघायला गर्दी व्हायला लागली आणि "मच्छिंद्री होणार", म्हणजे पाणी पुलाच्या कमानींना भिडणार, अशी बोलणी कानावर आली की समजायचं, नदीकाठच्या गल्ल्यांनी सामान वर हलवायला घेतलंय.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये ही पातळी ५५ फुटांच्या वर गेली. दोन्ही वेळा शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद पडला. दूध, पेट्रोल, भाजी सगळ्याची टंचाई झाली. पाणी चढतं त्यापेक्षा उतरायला जास्त वेळ घेतं, कारण पुढे नृसिंहवाडीला कृष्णा तुडुंब असेल तर पंचगंगेला पुढे सरकायला जागाच राहत नाही, फुगवटा मागे येतो. हे मी घाबरवायला सांगत नाही. २०१९ मध्ये शहरातल्या बहुसंख्य लोकांच्या घरात पाण्याचा थेंबही आला नाही. त्यांना त्रास झाला तो नळाला पाणी नसण्याचा, कारण उपसा केंद्रंच बुडाली होती. तुमचं घर कुठे आहे, यावर सगळं अवलंबून आहे.

ज्या भागांत पाणी शिरलं त्यांत दुधाळी, सुतारवाडा, कुंभार गल्ली या जुन्या नदीकाठच्या वस्त्या होत्याच, पण नागाळा पार्क, रमणमळा, शाहूपुरीचा काही भाग, जयंती नाल्याच्या दोन्ही अंगांच्या कॉलन्या याही होत्या. बाहेरून येणाऱ्याची फसगत इथेच होते. नागाळा पार्क म्हणजे झाडी, रुंद रस्ते, बंगले. पुण्याहून आलेला माणूस रविवारी दुपारी तिथे फिरतो आणि प्रेमात पडतो. त्यातल्या उंचावरच्या गल्ल्या खरोखर उत्तम आहेत. दोन गल्ल्या खाली उतरलात की गोष्ट बदलते, आणि भाव मात्र तेवढा बदललेला नसतो.

पूर येऊन गेलेलं घर ओळखायला यंत्र लागत नाही. तळमजल्यावर सगळीकडे नवा रंग असेल आणि वरच्या मजल्यावर जुनाच, तर का ते विचारा. विजेचा मीटर माणसाच्या डोक्याच्या वर किंवा थेट जिन्यात पहिल्या मजल्यावर बसवलेला आहे का बघा. सॉकेट जमिनीपासून चार-पाच फुटांवर घेतलेले असतील तर ते हौसेने घेतलेले नाहीत. दरवाज्याच्या खालच्या बिजागऱ्या गंजलेल्या आणि वरच्या स्वच्छ, लाकडी चौकट खालून फुगलेली, कपाटाच्या मागच्या भिंतीवर सरळ आडवी फिकट रेघ. रंगकाम करणारे कपाट हलवत नाहीत, तुम्ही हलवायला सांगा. आवारातल्या कंपाउंडची आतली बाजू कुणी रंगवत नाही, तिथे ती रेघ हमखास सापडते. शेवटी मालकाला सोडून समोरच्या किराणा दुकानदाराला विचारा: "एकोणीसला पाणी कुठवर होतं?" तो हाताने दाखवेल. इथे हे कुणी लपवत नाही, विकणारा सोडून.

कागदावर हेच निळ्या आणि लाल रेषेने दिसतं. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घ्यायचंच नाही, कितीही स्वस्त मिळो. दोन रेषांच्या मध्ये अटी घालून बांधकामाला परवानगी मिळते, पण कागदावरची "शंभर वर्षं" दोन वर्षांत दोनदा येऊन गेली आहेत हे लक्षात ठेवा. तिथे घ्यायचं असेल तर पार्किंगवर उचललेल्या इमारतीत, पहिल्या मजल्यापासून वर, आणि लिफ्टचं यंत्र व जनरेटर कुठे बसवलेत ते बघून. बिल्डर ब्रोशरमध्ये रेषा दाखवत नाही. नगररचना विभागाकडून तुमच्या सर्व्हे नंबरचा झोन दाखला आणि पूररेषेचा अभिप्राय मागा, तोही स्वतः किंवा स्वतःच्या वकिलामार्फत.

मग सरळ उंचावर जावं असं वाटेल. राजारामपुरी, सागरमाळ, आर. के. नगर, पाचगाव, मोरेवाडी हा सगळा पूर्व-दक्षिणेचा चढाचा भाग, नदीचा काही संबंध नाही. तिथे दुखणं उलटं आहे. यातला बराच भाग महापालिकेच्या हद्दीत नाही. कोल्हापूर महापालिका १९७२ साली झाली आणि तेव्हापासून हद्द एक इंच वाढलेली नाही. हद्दवाढीच्या बाजूने शहर आंदोलन करतं, विरोधात गावं करतात, सरकारं येतात-जातात. आता बेचाळीस गावांसाठी वेगळं प्राधिकरण आहे, पण नळाचं पाणी प्राधिकरण देत नाही. त्यामुळे पत्ता "कोल्हापूर" असलेला देखणा फ्लॅट प्रत्यक्षात ग्रामपंचायतीत असतो. घरफाळा कमी, हे खरं. पण पाणी प्रादेशिक योजनेचं, एप्रिल-मेमध्ये आठवड्यातून किती वेळा येतं ते विचारा; ड्रेनेज लाइन नाही, सेप्टिक टँक. बोअर कोरडी पडली की टँकर. शहराच्या हद्दीत काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइनचं पाणी २०२३ च्या दिवाळीत आलं, त्यामागे कित्येक वर्षांची लढाई आहे. ते पाणी हद्दीबाहेरच्या तुमच्या स्वयंपाकघरात येईल असं गृहीत धरू नका.

सोसायटीच्या वॉचमनला मे महिन्यातल्या टँकरच्या पावत्या विचारल्या की दहा मिनिटांत खरं कळतं. मी व्हॅल्युएशनला गेलो की आधी गच्चीवर जाऊन टाक्या मोजतो. चार मजली इमारतीला गरजेपेक्षा जास्त टाक्या असतील तर पाणी रोज येत नाही.

या दोन टोकांच्या मध्ये तुमच्यासाठी चांगली पट्टी आहे: हद्दीच्या आत, पूररेषेच्या वर. ताराबाई पार्क आणि रुईकर कॉलनीच्या उंच बाजू, राजारामपुरीच्या वरच्या गल्ल्या, विद्यापीठ रस्ता. स्वस्त नाही. "लहान शहर म्हणजे निम्मा भाव" हा समज सोडून या. कोल्हापूरकराला फ्लॅटपेक्षा जागेचं वेड, त्यामुळे मोक्याच्या प्लॉटचे भाव ऐकून पुणेकरही दचकतात. पण वाकडच्या फ्लॅटच्या पैशात इथे प्रशस्त थ्री बीएचके येऊन मुलीच्या शिक्षणासाठी काही रक्कम बाजूला राहावी, एवढं अंतर अजून आहे. एक सावधगिरी: पुण्यातला फ्लॅट दोन-तीन महिन्यांत विकला जातो, इथला वर्षभर पडून राहू शकतो. अडीनडीला मोडता येईल अशी गुंतवणूक म्हणून इथलं घर धरू नका.

आणखी एक मोह पहिल्याच पावसाळ्यात होतो, पन्हाळ्याच्या किंवा गगनबावड्याच्या वाटेवर "दहा गुंठे, व्ह्यू पॉइंट" घेण्याचा. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही. तुमच्या सासऱ्यांच्या नावावर गडहिंग्लजला सातबारा असेल तर तुमच्या मिस्टरांचा प्रश्न साधारणपणे सुटतो, तो उतारा आणि वंशावळ काढून ठेवा. तरीही जमीन भोगवटादार वर्ग दोनची (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) आहे का, फेरफारात, म्हणजे मालकी बदलाच्या नोंदीत, कूळ किंवा इनामाची भानगड आहे का, तुकडेबंदीचा (ठरलेल्यापेक्षा लहान तुकडा विकायला मनाई) शेरा आहे का, वाट कुणाच्या रानातून जाते, हे वकिलाकडून बघून घेतल्याशिवाय इसारही देऊ नका. शहरी रहिवासी भागातल्या लहान तुकड्यांना अलीकडे मिळालेली सवलत डोंगरावरच्या शेतीला लागू होते, असं एजंट बेधडक सांगतात. शिवाय पश्चिमेकडचा बराच पट्टा पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यात किंवा अभयारण्याच्या बफरमध्ये येतो. आणि खरं सांगू का, जंगल तासाभरावर असताना त्याच्यातला तुकडा कुंपण घालून स्वतःच्या नावावर कशाला हवाय? गवे तर शहराच्या वेशीपर्यंत येऊन गेलेत. त्यांच्या वाटा आपण किती अडवायच्या?

नोकरीचं तुम्ही आधीच सोडवून ठेवलंय म्हणून लवकर पुढे जातो. इथलं आयटी क्षेत्र छोटं आहे. उद्या दोघांपैकी एकाची नोकरी गेली तर पुढची इथेच मिळेल या भरवशावर येऊ नका. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथे कारखानदारी मोठी, फाउंड्रीत शहराचं नाव आहे, पण ते तुमच्या कामाचं नाही. पुण्याला जायला रस्त्याने सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. सातारा-कागल सहापदरीकरणाची कामं चालू असेपर्यंत चार तास हे स्वप्न समजा, पाच-साडेपाच धरा. वंदे भारत आठवड्यातून तीनच दिवस आहे, मिस्टरांच्या ऑफिसचे वार त्याला जुळतात का बघा. मुंबईला महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्रीत पोचवते. उजळाईवाडीच्या विमानतळावरून थोडी विमानं सुटतात, पावसाळ्यात त्यांच्यावर फार विसंबू नका.

वकिलांसाठी मात्र चित्र बदललंय. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथे सुरू झालं, सहा जिल्ह्यांचं काम येतं. त्याचा परिणाम ऑफिसच्या जागांच्या भाड्यावर दिसू लागलाय. राहायच्या घरांवरही येईल असं माझं मत आहे.

मुलीचं म्हणाल तर खेळासाठी हे गाव फार चांगलं. तेजस्विनी सावंत, वीरधवल खाडे इथलेच. २०२४ ला पॅरिसमध्ये नेमबाजीत कांस्य मिळवणारा स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातला. फुटबॉल तर पेठापेठांच्या तालमींच्या रक्तात आहे. शाळा ठीक आहेत, पुण्याइतकी निवड नाही. दवाखान्यांत हृदय, हाडं, कर्करोग यांवरचे नेहमीचे उपचार शहरात होतात, अवघड किंवा दुर्मिळ आजाराला पुणे-मुंबई गाठावी लागते. गडहिंग्लज सत्तर किलोमीटरवर आहे. सासूबाईंना रात्री बरं वाटेनासं झालं तर तुम्ही दीड-दोन तासांत पोचता, वाकडहून ते सकाळपर्यंत लांबतं. तुमच्या पत्रात हे एकाच ओळीत आलंय, पण माझ्या अनुभवात परतणाऱ्या कुटुंबांना टिकवून ठेवणारं सगळ्यात भक्कम कारण हेच असतं.

तुम्ही नागपूरच्या, म्हणून दोन गोष्टी. उन्हाळा तुम्हाला उन्हाळा वाटणारच नाही. त्याउलट जून ते सप्टेंबर कपडे न वाळणं, भिंतींना ओल, मिठाच्या बरणीत पाणी, याची सवय नसेल तर पहिलं वर्ष जड जातं. आणि माणसं मोकळी, मदतीला पटकन धावणारी, पण चौकशीही तितकीच करणारी. "गाव कुठलं? पाहुणे कोण? भाड्याचं का स्वतःचं?" हे जिन्यात पहिल्या भेटीत विचारलं जाईल. कुणी उद्धटपणाने विचारत नाही. चार महिन्यांनी तुमच्याकडे गॅस संपला की हीच चौकशी करणारी शेजारीण न सांगता सिलिंडर पाठवून देते. गणपतीत डॉल्बीचा त्रास आहे. नोव्हेंबर ते मार्च ऊसतोडीचा हंगाम, तेव्हा रात्री मागचा दिवा नसलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्यावर असतात आणि पाचट जाळल्याचा धूर असतो. दमा असलेलं कुणी घरात असेल तर कारखान्यांच्या बाजूला घर बघू नका.

सकाळी कधी वेळ काढून गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जा. म्हशी रस्त्याकडेलाच उभ्या असतात, समोर धार काढून फेसाळ दूध ग्लासात देतात, आणि भोवती निवृत्त मास्तर, पैलवान, पेठेतली पोरं यांची चर्चा चाललेली असते. जागेचे खरे भाव मला कित्येकदा ऑनलाइन साइटपेक्षा तिथे आधी कळलेत.

घर लगेच घेऊ नका. आधी अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने राहा, आणि करार जूनच्या आधी सुरू करा म्हणजे अख्खा पावसाळा आणि पुढचा हिवाळा त्यात येतो. शाळेची चौकशी मात्र जानेवारीतच करा. वाकडचा फ्लॅट विकायला काढू नका, भाड्याने द्या. त्या भाड्यात इथलं भाडं भागून वर थोडं राहील. मिस्टरांच्या कंपनीकडून घरून कामाची परवानगी ईमेलवर नाही, पत्रावर घ्या. कंपन्यांची धोरणं वर्षात फिरतात, आणि इथल्या बँका कर्ज देताना ते पत्र मागू शकतात.